ईटीपी कसा चालतो? आधी कोकणातल्या आप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट वाचा

मी जालन्याचा. आमच्या एमआयडीसीचं नाव काढलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात: स्टीलच्या सळया आणि बियाणं. स्टीलच्या रोलिंग मिलमधून निघणाऱ्या पाण्यात मुख्यतः लोखंडाचा खवला आणि तेल असतं. पाणी टाकीत शांत ठेवलं की खवला तळाशी बसतो, तेल वर तरंगतं. मधलं पाणी थंड करून पुन्हा वापरता येतं.

पण जिथे जनावरांवर प्रक्रिया होते, म्हणजे चिकन, मटण, मासे, कातडी किंवा हाडं यांचं काम चालतं, तिथलं पाणी असं गप्प बसत नाही. त्यात रक्त, चरबी, शेण आणि मांसाचे बारीक कण असतात. दोन दिवस ठेवलं तर ते सडतं, फेसाळतं आणि वास मारतं. हे पाणी साफ करणाऱ्या यंत्रणेला आपण ईटीपी म्हणतो, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र.

ईटीपीवर नेटवर भरपूर आकृत्या सापडतात. पण यंत्र समजलं तरी त्यामागचा विचार समजतोच असं नाही. तो विचार मला सगळ्यात नीट समजला तो एका माणसाच्या आयुष्यातून. ते इंजिनिअर नव्हते. ते होते सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच आप्पासाहेब पटवर्धन. कोकणात त्यांना कोकणचे गांधी म्हणतात.

प्राध्यापकी सोडलेला माणूस

आप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावचा. घर ब्राह्मणाचं. मुलगा हुशार, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेला. पुण्यात काही काळ कॉलेजात शिकवलंही. त्या काळात एम.ए. म्हणजे आयुष्यभराची सोय. सरळ रस्ता धरला असता तर निवृत्त प्राध्यापक म्हणून गेले असते.

पण ते गांधीजींकडे वळले. गांधीजींची आत्मकथा तुम्ही मराठीत वाचली असेल, तर तो अनुवाद बहुधा आप्पासाहेबांचाच असणार. पुढे ते कोकणात परतले. खादीचं काम केलं, शाळा चालवली, अस्पृश्यता निवारणात उतरले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला ते आघाडीवर होते. अर्थातच तुरुंगात गेले.

तुरुंगातला झाडू

१९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात कामं वाटून दिलेली असायची आणि ती वाटणी जातीवर चालायची. संडास साफ करायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडे. आप्पासाहेबांनी ते काम स्वतःसाठी मागितलं. अधिकाऱ्यांनी नकार दिला: तुम्ही वरच्या जातीचे, नियमात बसत नाही.

गंमत बघा. काम टाळण्यासाठी भांडणारे कैदी तुरुंगाने खूप पाहिले होते. सगळ्यात घाणेरडं काम द्या म्हणून अन्न सोडणारा कैदी नवीन होता. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींपर्यंत पोचली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही आप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं. सरकारला नमतं घ्यावं लागलं.

या प्रसंगाकडे त्याग म्हणून बघायची सवय आहे. मला त्यात एक तांत्रिक प्रश्न दिसतो. काम घाण आहे म्हणून ते एका जातीवर ढकललेलं, की ते एका जातीवर ढकललं म्हणून कुणी ते सुधारायची तसदीच घेतली नाही? शिकलेल्या माणसाच्या हातात झाडू आणि टोपली आली, की तो दुसऱ्या आठवड्यात विचार करायला लागतो: हे असंच का करायचं? टोपलीशिवाय होणार नाही का? आप्पासाहेबांचं पुढचं सगळं काम या प्रश्नातून निघालं.

मेलेलं जनावर कोणी उचलायचं?

गावात बैल मेला की तो ओढून न्यायचं काम महार समाजावर लादलेलं होतं. कातड्याचं काम चांभार-ढोरांकडे. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजाला सांगितलं की मेलेली जनावरं ओढणं सोडा. ते बरोबरच होतं. ज्या कामामुळे माणूस अस्पृश्य ठरतो, ते काम त्याने का करत राहायचं?

मग गावापुढे प्रश्न उभा राहिला: जनावर तर मरणारच, उचलणार कोण? अनेक गावांनी याचं उत्तर बहिष्कार आणि मारहाण करून दिलं. आप्पासाहेबांनी वेगळं उत्तर दिलं. ज्यांचं जनावर, त्यांनी उचलावं. आणि त्यांनी स्वतः मेलेली जनावरं फाडायला, कातडं सोडवायला सुरुवात केली. एका ब्राह्मण एम.ए.ने हे करणं म्हणजे स्वतःच्या समाजातून उठणंच होतं. त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

इथे जरा थांबून हे काम समजून घेऊ, कारण आपला विषय इथूनच सुरू होतो.

मेलेल्या बैलात काय काय असतं? कातडं चपला, मोटा आणि पट्ट्यांसाठी. हाडांचं खत, त्यात फॉस्फरस भरपूर. शिंगांच्या फण्या आणि बटणं. चरबी साबणाला आणि वंगणाला. मांस आणि आतड्यांचं खत, त्यात नायट्रोजन. गांधीजींच्या वर्तुळात यावर बरंच काम चाललं होतं. वर्ध्याजवळ नालवाडीत चर्मालय होतं. चर्मालयाचा हिशोब साधा होता: वेगळं काढलं तर प्रत्येक वस्तूला किंमत आहे, एकत्र फेकलं तर सगळ्याची घाण होते.

कातडं कमावायची पद्धतही तेव्हा झाडपाल्याची होती. बाभळीची साल आणि हिरडा, यांतलं टॅनिन कातड्यात मुरवायचं. कोल्हापुरी चप्पल आजही अशाच कातड्याची असते. नंतर क्रोमियमचा वापर वाढला. काम झटपट झालं, पण पाण्यात एक नवा त्रास आला. तो पुढे सांगतो.

गोपुरी आणि संडासाचा गॅस

स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९४८ मध्ये, आप्पासाहेबांनी कणकवलीजवळ वागदे इथे गड नदीच्या काठी गोपुरी आश्रम सुरू केला. शेती, गोपालन, चर्मालय आणि सफाई, सगळं एकाच आवारात. तुम्ही त्याला त्या काळची प्रयोगशाळा म्हणू शकता.

इथला पहिला महत्त्वाचा प्रयोग म्हणजे गोपुरी संडास. कल्पना सोपी: दोन कप्पे. एक वापरायचा, वर माती-पालापाचोळा टाकत जायचं. तो भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत झालेलं असतं. डोक्यावरून टोपली वाहायची गरजच उरत नाही. म्हणजे त्यांनी सफाई करणाऱ्याला फक्त मान दिला नाही, तर ते कामच रचनेतून काढून टाकलं. हा फरक फार मोठा आहे.

दुसरा प्रयोग १९५० च्या दशकातला. शेणापासून गॅस करायची कल्पना तेव्हा देशात रुजत होती. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ मध्येच मैल्याच्या टाकीतून गॅस गोळा केला गेला होता. १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले, आणि १९५१ मध्ये जशभाई पटेलांनी तरंगत्या टोपीचं संयंत्र आणलं. पण बहुतेकांचं लक्ष शेणाकडे. मैला म्हटलं की लोक नाक मुरडायचे. आप्पासाहेबांनी गोबरगॅसच्या टाकीला संडास जोडला. त्या गॅसवर चूल पेटते हे त्यांनी करून दाखवलं.

संडासाच्या गॅसवर चहा? त्या काळात किती जणांनी तो चहा नाकारला असेल, याची कल्पना तुम्हीच करा. पण ज्वाळेला जात नसते आणि वासही नसतो. मिथेन जळतो, बस्स.

टाकीच्या आत नेमकं काय होतं?

हवा बंद असलेल्या टाकीत काही जातींचे जिवाणू असतात. ते एकामागून एक, साखळीने काम करतात. पहिली टोळी मोठे पदार्थ (चरबी, प्रथिनं, पिष्ट) तोडून लहान करते. दुसरी त्याचं आम्ल बनवते. शेवटची टोळी आम्लापासून मिथेन तयार करते. मिळणाऱ्या बायोगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन असतो, बाकी बराचसा कार्बन डायऑक्साइड. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमी एलपीजी. उरते ती राबडी, तिचं खत होतं.

म्हणजे आपल्याला जी घाण वाटते, ते कुणाचं तरी जेवण असतं. ईटीपीची सगळी विद्या या एका ओळीत आहे. आपण फक्त जेवणाऱ्यांची पंगत नीट बसवायची.

हीच पंगत नदीत बसली तर?

स्वच्छ पाण्यात एका लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. मासे त्यावरच जगतात. तो ऑक्सिजन म्हणजे घरातला एकच हॉटस्पॉट समजा. कुणी मोठं डाउनलोड लावलं की बाकी सगळ्यांचं चक्र फिरत बसतं. नदीत अन्न पडलं की जिवाणू ते खाताना सगळा ऑक्सिजन ओढून घेतात आणि मासे गुदमरतात.

एखादं पाणी किती ऑक्सिजन ओढेल, याच्या मापाला बीओडी म्हणतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. कत्तलखान्याच्या पाण्याचा हजार ते काही हजार. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे ३० ची.

आणि नुसतं रक्त? लिटरला दीड लाख मिलिग्रॅमच्या आसपास. जरा हिशोब करा: एक लिटर रक्त सुमारे १८ हजार लिटर स्वच्छ पाण्याचा ऑक्सिजन संपवू शकतं. म्हणजे जवळजवळ दोन टँकर पाणी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. आमची कुंडलिका वर्षातला बराच काळ कोरडीच असते. अशा नदीत पडलेल्या सांडपाण्याला पातळ करायला दुसरं पाणीच नसतं.

आजचा ईटीपी, पायरी पायरीने

आता चिकन किंवा मटण प्रक्रियेचा एखादा कारखाना डोळ्यांपुढे आणा. तिथलं पाणी साधारण असं जातं:

१) रक्त वेगळं काढणं. रक्त नाल्यात जाऊच द्यायचं नाही, कुंडीत गोळा करायचं. ते वाळवून खत करता येतं. ईटीपीवरचं निम्मं ओझं इथेच हलकं होऊ शकतं. चर्मालयाचा तोच जुना नियम: आधी वेगळं काढा.

२) जाळी. पिसं, केस, मांसाचे तुकडे अडवायला.

३) चरबीचा सापळा. चरबी वर तरंगते, ती काढून घ्यायची. मोठ्या ठिकाणी डीएएफ वापरतात, म्हणजे पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतात. ते चरबीच्या कणांना चिकटून वर आणतात. चरबी पुढे गेली तर जिवाणूंच्या टाकीत थर धरते आणि सगळं काम ठप्प होतं.

४) समतोल टाकी. सकाळी कापणीचं पाणी, दुपारी धुण्याचं, रात्री काहीच नाही. जिवाणूंना असं कधी उपाशी, कधी अजीर्ण चालत नाही. म्हणून पाणी एकत्र करून सारख्या प्रमाणात पुढे सोडतात.

५) बिनहवेची टाकी. हीच गोपुरीची टाकी, फक्त मोठी आणि वेगवान. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये लेटिंगा यांनी यूएएसबी पद्धत विकसित केली. पाणी खालून वर चढतं, जिवाणूंचे दाणेदार गोळे खाली राहतात, गॅस वर गोळा होतो. वीज कमी लागते आणि गाळही कमी तयार होतो.

६) हवेची टाकी. उरलेलं अन्न संपवायला ब्लोअरने हवा मारून दुसऱ्या प्रकारचे जिवाणू पोसतात. ही पद्धत १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवून दिली. त्यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवायला आले.

७) गाळ बसवणं, निर्जंतुक करणं. वरचं निवळ पाणी झाडांना किंवा परत वापराला, गाळ वाळवून खताला.

आता क्रोमियमचा तो त्रास. चामड्याच्या कारखान्यातलं क्रोमियम जिवाणूंना विष आहे. ते पंगतीत आलं की जेवणारेच मरतात. म्हणून क्रोमियमचं पाणी वेगळ्या नळीने नेऊन आधी क्रोमियम काढून घ्यावं लागतं.

टाकीत कोण उतरणार?

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण आप्पासाहेबांचा मूळ प्रश्न पाइप किंवा टाकीचा नव्हता. हे काम कोणाच्या अंगावर पडतं, हा त्यांचा प्रश्न होता.

माझा एक मित्र ईटीपीवर ऑपरेटर आहे. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो म्हणतो, कागदावर सगळं पंपाने होतं. पण पंपात चिंधी-पिसं अडकली, की सुपरवायझर आजूबाजूला बघतो आणि रोजंदारीवरच्या एकाला खाली जायला सांगतो. तो एक जण कोणत्या वस्तीतून आलेला असतो, हे शंभर वर्षांत फारसं बदललेलं नाही.

आणि हे फक्त अपमानाचं नाही, जिवाचं आहे. प्रथिनांमध्ये गंधक असतं. ते सडलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असेल तर कुजलेल्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं आणि वास येणं बंद होतं. माणसाला वाटतं वास गेला, म्हणजे गॅस गेला. तिथेच तो फसतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा अपघातांत एकापाठोपाठ एक माणसं का जातात, याचं कारण हे आहे.

मैला हाताने साफ करायला लावण्यावर १९९३ मध्ये कायद्याने बंदी आली. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. आप्पासाहेब हे दोन्ही कायदे बघायला नव्हते. १० मार्च १९७१ ला ते गेले. पाणी प्रदूषणाचा देशाचा कायदासुद्धा त्यांच्यानंतरचा, १९७४ चा.

त्यांच्यानंतर

आप्पासाहेबांची टाकी त्यांच्यासोबत संपली नाही. देहूच्या आरोग्य केंद्रात १९६० च्या सुमारास एक तरुण डॉक्टर आले, डॉ. एस. व्ही. मापुसकर. गावात संडास नव्हते आणि पोटाचे आजार मात्र भरपूर. आप्पासाहेबांच्या कामातून प्रेरणा घेऊन त्यांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅसवर आयुष्यभर काम केलं, रचना सुधारली, देहूत संस्था उभी केली आणि तिला आप्पासाहेबांचंच नाव दिलं. २०१७ मध्ये मापुसकरांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आप्पासाहेबांची आत्मकथा माझी जीवनयात्रा या नावाची आहे. मिळाली तर जरूर वाचा.

आता तुमच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी

पहिली. तुमच्या भागातला कारखाना पाणी कुठे सोडतो, हे विचारायला तुम्हाला केमिकल इंजिनिअर व्हायची गरज नाही. कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. त्यात किती पाणी आणि कोणत्या मर्यादेत सोडायचं हे लिहिलेलं असतं. मंडळाची वेबसाइट मोबाइलवर उघडते आणि तक्रारही करता येते. तक्रार करताना फोटोसोबत तारीख, वेळ आणि जागा द्या.

दुसरी. तुम्ही स्वतः किंवा घरातलं कुणी अशा ठिकाणी कामाला असेल तर हे पाठ करून ठेवा. टाकी रिकामी दिसली तरी गॅस असतो. गॅस मोजायचं यंत्र, बाहेरून हवा, कमरेला दोर आणि वर उभा माणूस, यातलं एक जरी नसेल तर उतरायचं नाही. कुणी आत पडलाच तर मागे उडी मारू नका. बाहेरूनच हवा मारा आणि अग्निशमन दलाला फोन करा. शहरातल्या गटार आणि सेप्टिक टँकच्या तक्रारींसाठी १४४२० हा हेल्पलाइन नंबर आहे. तो आत्ताच सेव्ह करा.

आप्पासाहेबांनी दोन कप्प्यांचा संडास बांधला, कारण टोपली कुणाच्याच डोक्यावर नको होती. आजच्या ईटीपीचा पंप, जाळी आणि झडप यांची रचनाही याच कसोटीवर तपासायला हवी: हे साफ करायला माणूस आत उतरवावा लागतो का? लागत असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी ३० च्या आत असला तरी त्या ईटीपीचं काम अजून पूर्ण झालेलं नाही.